घाटाला टाकी

सुखदेवभाऊ घाटावर घसरून पडले, ही बातमी पहिल्या तासाभरात गावात कोणीच खरी मानली नाही.

मी शाळेच्या फाटकाशी उभा होतो. दूध घालून परतणारा रमेश गाडी न थांबवताच ओरडला, "सर, सुखदेवभाऊ पडले घाटावर!" समोरचा चहावाला कप विसळता विसळता त्याच्यावर खेकसला, "कोण बे? आपला सुखदेव? घाटावर? सकायीच लावून आला काय?" आणि आम्ही दोघंही हसलो.

मासा पाण्यात बुडाला असं कोणी सांगितलं तर माणूस हसेल, तसंच ते हसणं होतं. पण मी हसलो हे खरं. मेहकरच्या दवाखान्यात नेईपर्यंत भाऊ गेले होते. त्यांचा जीव गाडीत जात असेल त्या वेळी मी चहा पीत होतो, आणि ही गोष्ट मला अजूनही नीट गिळता आलेली नाही.

आमचं गाव पैनगंगेच्या काठी, मेहकरपासून बसने अर्ध्या तासावर. पाहुण्याला दाखवावं असं गावात एकच आहे, तो हा घाट. काळ्या पाषाणाचा, नदीच्या वळणाबरोबर वळत उतरणारा. आत चुना नाही, माती नाही. दगडाला दगड घासून बसवलेला. जिथे धारेचा मारा जास्त, तिथे दोन दगडांना खाच पाडून त्यात लोखंडी पट्टी ठेवलेली आणि वरून शिसं ओतलेलं. कितीतरी पूर अंगावरून गेले, पण दगड जागचा हलला नाही. एकच पायरी डुगडुगते. सुखदेवभाऊ तिला 'जावई' म्हणत. "त्याच्यावर सांभायून पाय ठेवजा. कितीक मान द्या, थोडा रुसतेच." तिच्या वरची पायरी इतर पायऱ्यांपेक्षा उंच, ती 'सासू'. तिच्यावरून उतरताना वाकावंच लागतं.

भाऊंचं काम घाटावरच्या हजामतीचं. दहाव्याला घरातले पुरुष डोकी करायला बसत, आणि भाऊ अनवाणी, धोतराचा काचा वर खोचून, एका हातात गरम पाण्याची किटली आणि दुसऱ्या हातात पेटी घेऊन असे उतरत की किटलीतून थेंब सांडत नसे. वय सत्तरीच्या पुढे. पायरीकडे ते पाहत नसत. पाहत ते रडणाऱ्या माणसाकडे.

"डोकं माह्याजवय दे, मंग खुशाल रड," ते म्हणत. "हलला तर कान जाईन. बाप गेला, आता कानही घालवतं काय?"

माणूस रडता रडता हसून देई. पुढच्या क्षणी आपण हसलो म्हणून ओशाळे. भाऊ तोवर तुरटी फिरवून मोकळे झालेले असत.

माझ्यावर त्यांची खास नजर होती. मी स्वभावानेच अपराधी. शेजाऱ्याची बकरी मेली तरी मला वाटतं, आपण काल तिच्याकडे जरा वाकडं पाहिलं होतं. भाऊ म्हणत, "सर, लोकायचं तोंड दहाव्याले पडते. तुमचं बारमाही दहाव्याचंच."

पिंडाला कावळा शिवायला उशीर झाला की नातेवाईक हात जोडून एकेक वचन द्यायला लागत. धाकट्याचं शिक्षण करू, बहिणीला अंतर देणार नाही, बांधाचं भांडण मिटवू. भाऊ बाजूला बसून वस्तरा पुसत पुटपुटत, "जित्तेपनी यातलं एखादं केलं असतं तर बुढा अजून दोन वर्सं जगला असता." मग मोठ्याने, "माह्या वेळेस पाहजा. कावळा पयलेच येऊन बसला असन. मले कोणाले काही मागाचं नाही."

माझे वडील गेले तेव्हा मी नोकरीसाठी बाहेरगावी होतो. अंत्यविधीला पोहोचलो, पण आजारपणात नव्हतो. दहाव्याला भाऊंसमोर बसलो. त्यांनी माझं डोकं भिजवलं आणि घाटाकडे मान करून म्हणाले, "सर, हा घाट कोणं बांधला, माहीत हाये? एका पोरानं. बापासाठी. बाप जिता होता तवा त्याले पानी विचाराले याले टाइम भेटला नाही. मंग मेल्यावर अख्खी नदी बांधून काढली. पाहा ना, केवढी माया होती. फक्त उशिरा निंगाली."

मी त्या दिवशी जे रडलो ते पुन्हा कधी रडलो नाही. माझ्यासारखा कोणी तरी पूर्वी होऊन गेला, आणि त्याच्या पश्चात्तापावर आज सगळं गाव पाय ठेवून पाण्याला जातं, याचा मला फार आधार वाटला.

वर्षभराने त्याच घाटावर, मोताळ्याहून आलेल्या एका विधुराला ते सांगत होते, "हा घाट एका व्यापाऱ्यानं बायकोसाठी बांधला. पानी आनता आनता ती घसरली होती." मी मागेच उभा होतो. कोणी खाडकन कानाखाली वाजवावी तसं मला झालं. नंतर चौकशी केली तर काय, आई गेलेल्याला घाट आईचा होता, भाऊ गेलेल्याला भावाचा. एकदा तर एका भांडखोर काकूच्या दहाव्याला त्यांनी सांगितलं होतं की हा घाट दोन जावांनी हट्टाने अर्धा अर्धा बांधला, म्हणून मधला जावई डुगडुगतो.

मी त्यांना गाठलं. "भाऊ, खोटं काऊन सांगता?"

"खोटं? मंग खरं काय ते तुमी सांगा."

"खरं कोणालाच माहीत नाही."

"मंग जागा खालीच हाये ना सर. बसू द्या कोणाले."

मला राग आला होता. मी इतिहास शिकवतो. आता वाटतं, माझं दुःख हे माझ्या एकट्याचं नव्हतं, याचाच तो राग असावा.

पुढे आम्ही काही जणांनी घाट जतन समिती काढली. घाटावर रंग फासला जात होता, ट्रॅक्टर धुतले जात होते, कोणी सिमेंटची बैठक बांधायला निघालं होतं. समितीत घाटावरचा माणूस हवा, म्हणून मी भाऊंचं नाव सुचवलं. ग्रामपंचायतीच्या सभेत त्यांना खुर्ची दिली. ते आधी बसेनात. लोकांना त्यांची आठवण येते ती घरात मयत झाल्यावर. लग्नाच्या मांडवात त्यांना पुढे या म्हणणारं कोणी नाही. सरपंचांनी हाताला धरून बसवलं तेव्हा ते खुर्चीच्या काठावर, अर्ध्या मांडीवर बसले. दुसऱ्या दिवसापासून मात्र सगळ्या गावाला कळलं. "मी सदस्य हावो," ते वस्तरा उचलून सांगत. कोणी ट्रॅक्टर घेऊन आलं की पायऱ्यांवरूनच गर्जना होई, "ओ पाटील! तुमची म्हैस नाही ते! वर घ्या!"

त्याच सुमारास बाहेरून एक अभ्यासक घाट पाहायला आले. दगडावरच्या जुन्या छिन्नीच्या खुणांवरून हात फिरवत म्हणाले, "ही प्रत्येक पाथरवटाची सही आहे. यावर नवी छिन्नी चालवू देऊ नका." ते दगडाच्या उभ्या अंगाबद्दल बोलत होते की पाय पडतो त्या आडव्या अंगाबद्दल, हे मी विचारलं नाही. मी लगेच बोर्ड करवून घेतला. लोखंडी, निळा, पांढरी अक्षरं. मजकूर माझा. हा घाट पुरातन आहे. बांधणाऱ्याचे नाव अज्ञात. दगडांना रंग, सिमेंट, खिळे, टाकी लावू नये.

भाऊंनी अक्षराला अक्षर जोडत तो वाचला. "अज्ञात म्हंजे?"

"माहीत नाही."

"एवढं सांगाले लोखंडाचा बोर्ड कायले लागते?" ते म्हणाले. पण त्यानंतर त्यांनी गोष्टी बंद केल्या. कोणी विचारलंच तर वस्तऱ्याने बोर्डाकडे दाखवत. बोर्डाच्या कोपऱ्याला त्यांनी आपला लहानसा आरसा लटकवला. तेवढाच त्याचा उपयोग.

आणि टाकी. घरोघरी पाटा गुळगुळीत झाला की त्यावर वाटण घसरायला लागतं, म्हणून छिन्नीने बारीक टिचके मारून तो खरखरीत करतात. आमच्याकडे दिवाळी झाली की अंजनाबाई छिन्नी-हातोडीची पिशवी घेऊन येई. "पाट्याले टाकीऽ, जात्याले टाकीऽ." मिक्सर आले, तिची हाक ऐकणारं कोणी राहिलं नाही. तरी ती येत राहिली, कारण दर वर्षी सुखदेवभाऊ तिच्याकडून घाटाला टाकी लावून घेत. म्हाताऱ्या माणसांचे पाय जिथे पडतात तेवढ्याच पायऱ्या. मोबदला म्हणून घरची ज्वारी देत. "घाट म्हंजे गावाचा पाटा हाये," ते म्हणत. ही पद्धत त्यांच्या आजापासूनची.

बोर्ड लागल्यावरच्या दिवाळीनंतर अंजनाबाई आली, घाटावर फतकल मारून बसली आणि पहिला घाव घालणार तोच मी तिथे पोहोचलो. तिला बोर्ड वाचून दाखवला.

"काऊन?" ती म्हणाली. "दगडाले दुखते काय?"

मला वाटलं, भाऊ तिची बाजू घेतील, वाद होईल. मी वादाची तयारीही करून गेलो होतो. पण भाऊ म्हणाले, "सरानं सांगितलं ना. समितीचा ठराव हाये. मी सदस्य हावो. जाय बाई."

तिने पिशवी आवरली. "पाटे गेले, जाते गेले, आता घाटही गेला." जाताना माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, तुमच्या घरी पाटा हाये का? का तोही पुरातन झाला?" भाऊ खो खो हसले. तिची ज्वारी त्यांनी त्या वर्षीही दिली.

दोन पावसाळे गेले. हजारो पावलांनी, शेवाळाने आणि आमच्या स्वच्छता मोहिमेतल्या ब्रशांनी पायऱ्या तुळतुळीत झाल्या. एक म्हातारी त्या 'सासू' पायरीवर घसरून मनगट मोडून बसली. मग रस्त्याकडेला पत्र्याचं शेड झालं, फरशी, नळ, बसायला ओटे. दहावं तिकडे व्हायला लागलं. भाऊंना तिकडे बोलावणं होतं, ते गेले नाहीत. "घाटावर माणूसच नाही आलं तर घाट कायचा? गोट्यायचा ढीग," असं ते म्हणत. त्यांच्या मुलाचं, दिलीपचं, मेहकरला बसस्टँडजवळ सलून आहे, फिरत्या खुर्च्यांचं. तो ये म्हणत होता. तिथेही गेले नाहीत. घाट ओस पडू नये, एवढी एकच काळजी त्यांना लागली होती, आणि ती सगळ्यांना दिसत होती. मलाही.

त्या दिवसांत एकदा ते शाळेत आले. मधल्या सुट्टीत, कडुनिंबाखाली उभे. हातातल्या टोपीशी चाळा करत म्हणाले, "सर, दगड म्हातारा झाला का गुळगुळीत होते का?"

मला प्रश्न फार आवडला. मी त्यांना झीज म्हणजे काय, पाणी आणि वाळू दगडाला कसे घासतात, अग्निजन्य खडक कसा बनतो, सगळं समजावलं. ते "हाव, हाव" करत ऐकत राहिले. घंटा झाली. "तुमी सांगता म्हंजे बरोबरच असन," म्हणाले आणि गेले. भाऊ, काऊन विचारता? एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

मग चमत्कार झाल्यासारखं काही कुटुंबं घाटावर परत येऊ लागली. म्हातारी माणसंसुद्धा भाऊंच्या आधाराने उतरत. कोणी घसरत नव्हतं. मी समितीच्या बैठकीत अभिमानाने सांगितलं की लोकांना वारशाचं महत्त्व पटू लागलं आहे. भाऊ खुर्चीच्या काठावर बसून खाली पाहत होते.

ते पडले त्या दिवशीही सकाळी घाटावर एक दहावं झालं होतं. मंडळी निघून गेल्यावर, धुणं घेऊन आलेल्या बायांना ते खाली पडलेले दिसले. दुपारी मी सरपंचांबरोबर तिथे गेलो. कोरडी, स्वच्छ, थंडीची दुपार. नदीला पाणीही फार नव्हतं. मला वाटत होतं, चक्कर आली असेल. तसंच काहीतरी असेल. दुसरं काही असणं शक्यच नव्हतं.

दिवा ठेवायच्या खोल कोनाड्यात खताची एक जुनी गोणी होती. सरपंचांनी ती ओढून उघडली. आत नदीची वाळू. चाळलेली, बारीक, एक खडा नाही. खाली पायऱ्यांवर बादली आडवी झालेली, आणि तिच्याजवळ खराटा. खालच्या पायऱ्यांवर वाळूचा पातळ थर होता, त्यात सकाळच्या माणसांच्या अनवाणी पावलांचे ठसे. वरच्या पायऱ्या धुऊन लख्ख. जिथे वाळू संपत होती आणि धुतलेला दगड सुरू होत होता, तिथेच ते पडले होते.

मला काही समजत नव्हतं, म्हणजे सगळं समजत होतं आणि ते मी आत येऊ देत नव्हतो. दिलीप वर उभा होता. तोच म्हणाला, "दहावं असलं का बाबा पहाटीच येऊन रेती टाकत. लोकं गेले का धुऊन काढत. म्या म्हटलं, राहू द्या ना, कोणाचं काय जाते? तर म्हणत, सराच्या डोळ्याले रेती नाही दिसली पायजे. बोर्ड लावेल हाये. मी सदस्य हावो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला कुठे तरी उभं राहता आलं असतं.

दहाव्याचा प्रश्न निघाला तेव्हा भावकीतले लोक शेड म्हणत होते. दिलीप म्हणाला, "बाबाचं घाटावरच होईन." त्याच्या म्हाताऱ्या काकांनी घाटाचं नाव ऐकून नकाराची मान हलवली. मी मनाशी ठरवलं होतं. कावळा शिवणार नाही, लोक वचनं द्यायला लागतील, तेव्हा मी पुढे होईन आणि सगळ्यांसमोर बोलेन. बोर्ड काढतो. घाटाला टाकी लावतो. माझी चूक झाली. ते शब्द मी आठ दिवस घोकत होतो, पाठांतराला उभा राहणाऱ्या पोरासारखे.

दहाव्या दिवशी सकाळी घाटाच्या वाटेवरच आवाज कानावर आला. टक, टक, टक. अंजनाबाई सासूवर बसून टाकी लावत होती. तिला कोणी बोलावलं होतं की ती आपणहून आली, मी विचारलं नाही. खालच्या पायऱ्या झाल्या होत्या. काळ्या दगडावर पांढरे बारीक ठिपके, ज्वारी सांडल्यासारखे. मला पाहून तिचा हात थांबला नाही. "बाजूनं उतरा मास्तर," एवढंच म्हणाली. "कपचे हायेत. पायात जातीन."

म्हातारे काका एकमेकांना न धरता खाली उतरले. वर्षानुवर्षं घाटावरचं काम नको म्हणणाऱ्या दिलीपने बापाची पेटी उघडली, बोर्डाच्या कोपऱ्यावरचा आरसा सरळ केला आणि काकांची डोकी स्वतः केली. एक काका हुंदके द्यायला लागला तर म्हणाला, "हलू नका. कान जाईन." आणि मग त्यालाच पुढे हात चालवता येईना. थोडा वेळ सगळे तसेच बसून राहिले, अर्धं डोकं झालेला काका सुद्धा.

पत्रावळीवर पिंड मांडला. मी पुढे सरकलो, घसा साफ केला, हात जोडले.

पत्रावळ खाली टेकते न टेकते तोच पिंपळावरून कावळा आला, पिंडाला चोच लावली आणि उडाला.

कोणी तरी म्हणालं, "पाहा, सुखदेवभाऊले कायची वाट पाहाले टाइम?" आणि लोक हसले. रडत रडत हसले. अंजनाबाईही पदराने तोंड पुसत हसली. माझे शब्द माझ्या तोंडातच राहिले. ते तिथे कोणाला हवेच नव्हते. कावळ्यालाही नाही.

बोर्ड मी दुसऱ्या दिवशी काढला. आरसा दिलीपला नेऊन दिला. पण मला भाऊ आठवतात ते त्या दिवसाचे नाहीत. ते जाण्याच्या आधीच्या आठवड्यातले आहेत. मी मेहकरला निघालो होतो. बस पुलावर आली तेव्हा खिडकीतून घाट दिसला. घाटावर कोणी नव्हतं, एकटे भाऊ होते. वाकून, पाठमोरे, पायरी पायरी झाडत मागे मागे येत होते. माझ्या मनात आलं, काय हा माणूस, कोणी पाहत नसताना आपला वारसा असा लख्ख ठेवतो. ऊर भरून आला. मी खिडकीतून हात बाहेर काढून जोरात हाक मारली, "भाऊ!"

त्यांनी चमकून वर पाहिलं. मला ओळखलं. चटकन खराटा पाठीमागे लपवला आणि दुसरा हात उंच करून, हसत, बस दिसेनाशी होईपर्यंत हलवत राहिले.